पालकाचा शेरा

ज्याला स्वतःचं हित कळत नाही, त्यालाही कायदा वाऱ्यावर सोडत नाही. त्याच्यासाठी कायदा एक जबाबदार, सुजाण आणि दक्ष पालक नेमून देतो. आमच्या ताईला नेमून दिलेला पालक खरोखरच दक्ष होता. चौदा वर्षांपूर्वी वारला होता, एवढंच.

हा पालक म्हणजे आमचे बाबा. ते वारले हे मला नक्की माहीत होतं, कारण मी तिथे हजर होतो. कायद्याला माहीत नव्हतं, कारण त्याला कुणी कळवलं नव्हतं.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणजे आता चोपन्नची. लहानपणी एका डॉक्टरांनी तिचं मानसिक वय सहा असल्याचं लिहून दिलं. ते पुन्हा मोजायच्या फंदात कुणी पडलं नाही, त्यामुळे कागदोपत्री ती आजतागायत सहाचीच आहे. तिला लिहिता-वाचता येत नाही. स्वतःचं नावसुद्धा नाही. पण बाबा होते प्रूफरीडर. छापखान्यातली प्रुफं घरी आणून टेबलाशी बसायचे आणि ताई समोर बसून ओळीखाली लाकडी पट्टी धरायची. बाबा मोठ्यानं वाचायचे, ओळ संपली की ताई पट्टी एक घर खाली सरकवायची. अक्षरं तिला कळत नसत, पण टिंब दिसलं की ती 'पूर्णविराम' म्हणायची, आणि ते म्हणायला ती एकदाही विसरली नाही. पुढे पुढे ही सवय बोलण्यातही शिरली. 'मला भूक नाही, पूर्णविराम' असं एकदा ऐकल्यावर आग्रह करायची कुणाची छाती होत नसे.

ताई अठरा वर्षांची झाली तेव्हा बाबांना कळलं, की सज्ञान मुलीचे आईबाप आपोआप तिचे पालक राहत नाहीत. आपण वाढवलेल्या मुलीचं पालकत्व आपणच अर्ज करून मागायचं असतं. बाबांनी मागितलं. पालकत्व समितीनं दिलं, आणि दर सहा महिन्यांनी एक अहवाल पाठवायची अट घातली. प्रूफरीडर माणसाला अट म्हणजे मेजवानी. त्यांनी अहवालाचे कोरे नमुने आणि समितीचा पत्ता छापलेली पाकिटं छापखान्यातूनच गठ्ठ्यानं करून आणली. पाकीट भरलं की ताईनं ते पोस्टमनच्या हातात द्यायचं, असा शिरस्ता पडला.

बाबा गेले. मग आठ महिन्यांपूर्वी आईही गेली. ताईजवळ मुक्कामाला एक मावशी ठेवल्या. मी दोन तासांच्या अंतरावर राहतो, म्हणजे रोज येण्यासाठी लांब आणि न येण्यासाठी जवळ. मावशींचा फोन आला की मी तो चौथ्या घंटीनंतर उचलायचो.

त्यातच मला एका निवासाचा पत्ता मिळाला. ताईसारख्या चाळीस जणांची सोय, स्वच्छ, हवेशीर. सकाळी सहाची घंटा, रात्री आठची घंटा. भेटीची वेळ महिन्याच्या पहिल्या रविवारी चार ते पाच. माझ्यासारख्या भावाची इतकी काळजी घेणारी संस्था मी पाहिली नव्हती. मी जाऊन अर्ज भरून दिला. "कायदेशीर पालकाची सही तेवढी आणा," असं तिथल्या व्यवस्थापकांनी सांगितलं.

ताईला विचारलं, म्हणजे सांगितलं.

"मी नाही जाणार," ती म्हणाली. "इथे काम आहे. पूर्णविराम."

काम कसलं, हे मी विचारलं नाही. सहा वर्षांच्या माणसाला कसलं काम असणार?

पालकत्व समितीचं कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद होती. मी लिफ्ट-निरीक्षक आहे, त्यामुळे बंद लिफ्टचं मला वाईट वाटत नाही. चालू लिफ्टची भीती वाटते. वर खिडकीत एक कारकून बाई स्वेटर विणत बसल्या होत्या. त्यांनी लोकरीचा गुंडा फायलींवर ठेवला, माझं म्हणणं ऐकलं आणि ताईची फाईल काढली. ती माझ्या अपेक्षेपेक्षा बरीच जाड निघाली.

"पालक कशाला नेमायचा? यांना आहेत की पालक."

"होते. माझे वडील. ते वारले."

"कधी?"

"चौदा वर्षं झाली."

बाईंनी वरचंच पान उचललं आणि लांब धरून पाहिलं. "हा अहवाल गेल्या महिन्यातला आहे."

"शक्यच नाही."

"सही आहे. तारीख आहे. आवक शिक्का माझ्या हातचा आहे."

"अहो बाई, ते मेलेत."

"तसं त्यांनी कळवलेलं नाही."

"ते कसं कळवतील?"

"लेखी," बाई म्हणाल्या. "पालकत्व सोडायचं तर तीस दिवस आधी लेखी कळवायचं असतं."

मी बाबांच्या मृत्यूचा दाखला पुढे केला. बाईंनी तो उलटसुलट पाहिला, भोकं पाडली आणि फायलीत सगळ्यात खाली लावला. "दोन कागद एकमेकांच्या विरुद्ध आले की आम्ही ताजा धरतो. हा चौदा वर्षांपूर्वीचा, त्यांचा गेल्या महिन्यातला. तुम्हीच सांगा."

बाईंना माझी दया आली असावी. "बसा तिथे बाकावर. वाचून बघा. चांगले असतात हो यांचे अहवाल. शुद्धलेखनाची एक चूक नाही. नाहीतर एकेक पालक बघा, 'पाल्य' लिहिताना घाम फुटतो."

मी बाकावर बसलो. बाहेर लख्ख ऊन होतं, आत पंखा फिरत होता, आणि माझ्या मांडीवर हिरव्या शाईतलं बाबांचं अक्षर होतं. बाबांसारखं नव्हे, बाबांचं. उताणा पडलेला 'ळ', छत्री उघडावी तशा वेलांट्या, आणि प्रत्येक पूर्णविराम असा ठासून दिलेला, की पानाच्या मागे बोटाला लागावा. नमुन्यात रकाने होते: आरोग्य, आहार, झोप, घरातील बदल, भेटी आणि शेवटी पालकाचा शेरा.

बाबा गेल्यानंतरचा पहिला अहवाल मी शोधून काढला.

'घरातील बदल: पुरुष एक कमी. पाल्याने दोन दिवस जेवण घेतले नाही. तिसऱ्या दिवशी पट्टी हाती घेतली. पालकाचा शेरा: काम सुरू.'

माझ्या मानेवरून कुणीतरी थंड बोट फिरवलं. मी मागे पाहिलं, मागे भिंत होती.

पुढची पानं उलटत गेलो. त्यात ताईचा सर्दी-खोकला होता, नवा चष्मा होता, मोरीतला गळका नळ होता. 'भेटी' या रकान्यात मात्र मीच होतो. पहिल्या वर्षी: 'धाकटा भाऊ, तीन वेळा. सरासरी चाळीस मिनिटे.' मग: 'धाकटा भाऊ, दोन वेळा. पंचवीस मिनिटे. बूट काढले नाहीत.' मग: 'धाकटा भाऊ, एकदा. अकरा मिनिटे. घड्याळ चार वेळा पाहिले.' वर्षामागून वर्षं माझी मिनिटं घटत गेली होती, एखाद्या आजारी माणसाचं वजन घटावं तशी. तक्रारीचा एक शब्द नव्हता. बाबांनी कधी तक्रार केलीच नाही. ते फक्त समासात खूण करायचे.

आई गेली त्या वेळचा अहवाल आला.

'घरातील बदल: स्त्री एक कमी. भेटी: धाकटा भाऊ. स्वयंपाकघरात गेला. दार लावून घेतले. नळ सोडला. नळाच्या आवाजात "सुटलो" म्हणाला. नळ नीट बंद केला नाही.'

मी ते पान मिटलं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, मित्राला नाही, आणि खरं सांगायचं तर तो शब्द तोंडातून निघाला हे मी स्वतःच्याही कानावर घातलं नव्हतं. त्या दाराला आतून कडी होती आणि मी एकटा होतो. निदान तेव्हा तरी मला तसं वाटलं होतं.

गेल्या महिन्यातला अहवाल सगळ्यात छोटा होता. 'भेटी: धाकटा भाऊ. सहा मिनिटे. निवासाचे माहितीपत्रक टेबलावर ठेवून गेला. पालकाचा शेरा: लक्ष ठेवणे आवश्यक.'

कुणावर, ते लिहिलं नव्हतं. ते बाबा कधी लिहीत नसत.

"झालं वाचून?" बाईंनी विचारलं. "मग अर्ज करायचाय का?"

माणूस घाबरला की शहाणपणानं वागतो हा गैरसमज आहे. घाबरलेला माणूस हातातलं काम उरकतो. मी अर्ज केला.

"पालकांना नोटीस जाईल," बाई म्हणाल्या. "हरकत घ्यायला पंधरा दिवस. मग अधिकारी घरी येतील."

"कुठल्या पालकांना?"

"आहेत त्यांना," बाई म्हणाल्या आणि सुया हातात घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, न कळवता, मी ताईकडे पोचलो. दार मावशींनी उघडलं.

"अगंबाई, दादा! आज कसं काय? कुणी आजारी नाही ना?"

मी सहज आलो तर कुणीतरी आजारी असलं पाहिजे, हा त्यांचा हिशेब बरोबर होता.

"मावशी, या घरातून पत्रं कोण पाठवतं?"

"ताईच देतात की पोस्टमनला. हिरव्या अक्षरातल्या कागदाचं पाकीट. मला वाटलं तुम्हीच सांगितलंय."

"लिहितं कोण?"

मावशींनी पदराला हात पुसले. आत बघून आवाज खाली आणला. "ते विचारू नका दादा. ताई टेबलाशी बसतात. समोर कोरा कागद. पट्टी धरतात. मी चहा टाकून येते तोवर कागद भरलेला असतो. आधी वाटलं, ताईच लिहीत असतील. म्हणून एकदा मुद्दाम पेन लपवून ठेवलं. तरी भरला."

"तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"तुम्ही थांबता कुठे सांगण्याइतकं?"

आतल्या खोलीत ताई टेबलाशी बसली होती. राखाडी केस विंचरलेले, दोन्ही हात पट्टीच्या दोन टोकांना. समोर बाबांची खुर्ची रिकामी. तिची गादी मात्र मध्यभागी खोल बसलेली, जशी रोज वापरातल्या खुर्चीची असते.

"त्या खुर्चीत कुणी बसलेलं चालत नाही हं," मावशी दारातूनच कुजबुजल्या. "मी एकदा टेकले तर म्हणाल्या, ऊठ, ओळ चुकेल."

मी स्टूल ओढलं. "ताई."

"छोट्या, हळू बोल. काम चाललंय."

पन्नाशीच्या माणसाला छोट्या म्हणणारं जगात आता हे एकच माणूस उरलं होतं.

"ताई, अहवाल कोण लिहितं?"

"बाबा."

"बाबा कुठे आहेत?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात मतिमंद कोण, असा प्रश्न त्या नजरेनं त्या क्षणी पडावा. "बाबा मेले. तुला माहीत नाही? तू होतास की."

"मग ते लिहितात कसे?"

"पट्टी मी धरते ना," ताई म्हणाली, जणू एवढं सांगितल्यावर कुणालाही कळावं.

मी ठरवलं, डोळ्यानं बघायचं. कागदावर नजर रोखून बसलो. कागद कोरा. पट्टी पहिल्या ओळीखाली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कोपऱ्यातलं घड्याळ टकटकत होतं. काही झालं नाही.

"बघत बसलं की नाही होत, दादा," मावशी म्हणाल्या. "दूध कसं, समोर उभं राहिलं तर तापत नाही."

मी त्यांच्याकडे वळून काहीतरी कुत्सित बोलणार, तेवढ्यात पाठीमागे निब कागदावर घासल्याचा आवाज आला. बारीक, सुकं पान सरपटावं तसा. मी वळलो. ताईचे दोन्ही हात पट्टीवर होते. पट्टी एक घर खाली सरकली होती. पेन टोपण लावून दौतीशेजारी होतं. कागदावर एक ओळ होती.

'भेटी: धाकटा भाऊ. पाळत ठेवतो.'

"पूर्णविराम," ताई म्हणाली.

मी त्या ओळीवर बोट ठेवलं. बोट हिरवं झालं. मी ते रुमालाला पुसलं, मावशींनी दिलेला चहा प्यालो, लिफ्टची तपासणी आहे असं सांगून निघालो. जिन्यात लक्षात आलं की त्या दिवशी तपासणी नव्हती, आणि हे खोटंही आता नोंदलं गेलं असणार. घरी साबणानं हात धुतला. हिरवा रंग तीन दिवस गेला नाही.

पंधरा दिवसांनी, दुपारी तीनला, समितीचे अधिकारी आले. पस्तिशीचे, इस्त्रीचे, हसतमुख. मी आधीच येऊन बसलो होतो आणि त्या दिवशी का कोण जाणे, बूट दाराबाहेर काढले होते. अधिकाऱ्यांनी ताईच्या गालाला हात लावला.

"काय बाळा, जेवलीस का?"

"मी चोपन्न वर्षांची आहे," ताई म्हणाली. "पूर्णविराम."

"छान छान," अधिकारी म्हणाले आणि नोंद केली: वयाचं भान नाही.

मग ते स्टुलावर बसले, फाईल मांडीवर घेतली आणि गंभीर झाले. "एक अडचण आहे. पालकांची हरकत आली आहे."

मावशींच्या हातातला कप वाजला.

अधिकाऱ्यांनी हिरव्या शाईतला कागद वाचून दाखवला. "'अर्जदार नियमित नाही. पाल्याचे मत विचारलेले नाही.' आणि पुढे नुसतं 'बूट' असं आहे. हे काय?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

"आता असं बघा. कारकून बाईंचं सोडा, त्यांना जिवंत-मेलं सारखंच. मी दाखला पाहिलाय. मेलेला माणूस हरकत घेऊ शकत नाही. आणि अठ्ठावीस अहवालही पाठवू शकत नाही. म्हणजे कुणीतरी चौदा वर्षं खोट्या सह्या करतंय. कोण?"

खोलीत त्यांच्याखेरीज तीन माणसं होती. म्हणजे दिसणारी. अधिकाऱ्यांनी आधी मावशींकडे पाहिलं. मावशी म्हणाल्या, "साहेब, मी येऊन आठ महिने झाले. आणि मला अंगठाच येतो." मग त्यांनी ताईसमोर कागद आणि पेन ठेवलं. "बाळा, नाव लिही बघू." ताईनं पेन उलटं धरलं, टोपणाकडून कागदावर एक रेघ ओढली आणि परत ठेवून दिलं.

"हं," अधिकारी म्हणाले. "म्हणजे बाहेरचं कुणीतरी या घरात येतं, पाल्याच्या खोलीत बसतं, ती जेवली किती, झोपली किती हे टिपतं, आणि तुम्हाला कुणालाच माहीत नाही. मग हे घर सुरक्षित नाही. नियम स्पष्ट आहे. तो माणूस सापडेपर्यंत पाल्याला आजच्या आज समितीच्या निवाऱ्यात हलवावं लागेल. खाली गाडी आहे. कपडे भरा."

मला हवं होतं ते आयतं घडत होतं. मी सही करायची गरज नव्हती, मी वाईट ठरायची गरज नव्हती. गाडी खाली उभी होती. मी फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्याचा मला चौदा वर्षांचा सराव होता.

"मी नाही जाणार," ताई म्हणाली. तिनं पट्टी छातीशी धरली होती. पुढचा शब्द ती म्हणेल म्हणून मी वाट पाहिली. ती म्हणाली नाही. तिचे ओठ हलत होते, पण वाक्य संपत नव्हतं. ताईचं वाक्य न संपलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

"मी लिहिले," मी म्हणालो.

"काय?"

"अहवाल. मीच लिहितो. वडिलांच्या अक्षरात."

हे शौर्य नव्हतं. ती रिकामी खुर्ची माझ्याकडे बघत होती, आणि तिच्यासमोर गप्प राहणं आता जमेना.

अधिकारी हसले. "असं? मग हरकतही तुम्हीच घेतलीत? स्वतःच्याच अर्जाला?"

"मला स्वतःबद्दल शंका होती."

"नमुना द्या," त्यांनी कोरा अहवाल माझ्याकडे सरकवला. "इथे. माझ्यासमोर."

टेबलाशी बसायला एकच जागा होती. मी बाबांच्या खुर्चीत बसलो.

गादी कोमट होती.

ताई लगेच समोर सरसावली. पट्टी पहिल्या ओळीखाली आली. मी पेन उचललं. माझं अक्षर औषधाच्या चिठ्ठीसारखं आहे. दोन ओळींत पितळ उघडं पडणार आणि ताई गाडीत बसणार, हे मला दिसत होतं. मी निब कागदाला टेकवली आणि काय लिहावं याचा विचार करू लागलो. विचार पुरा व्हायच्या आत 'आरोग्य' पूर्ण झालं होतं.

माझ्या मनगटाखाली काहीतरी आलं. वजन नाही, दाबही नाही. लहानपणी अक्षर गिरवताना मोठ्या माणसाचा तळवा आपल्या हाताबाहेरून असतो, तेवढंच. सुक्या, शाईचा वास असलेल्या तळव्यासारखं. 'ळ' उताणा पडला. वेलांटी छत्रीसारखी उघडली. मी हात मागे घ्यायचा प्रयत्न केला आणि तो एक ओळ खाली गेला, कारण पट्टी खाली गेली होती.

'भेटी: धाकटा भाऊ. पंच्याऐंशी मिनिटे. बूट काढले.'

ताई प्रत्येक टिंबाला तिचा शब्द म्हणत होती, नेहमीच्या कामाच्या आवाजात. शेवटचा रकाना आला. तिथे हात थांबला. बराच वेळ थांबला. खोलीतलं घड्याळ ऐकू येत होतं, आणि घड्याळाखाली आणखी एक आवाज, वयस्क माणूस नाकातून श्वास घेतो तसा. अधिकारी कागदाकडे बघत होते. त्यांना तो ऐकू येत नसावा. मावशींना येत होता. त्या भिंतीला चिकटल्या होत्या.

'पालकाचा शेरा: चालेल.'

"पूर्णविराम," ताई म्हणाली आणि पट्टी उचलली.

माझा हात टेबलावर पडला. एकदम जड आणि माझा.

अधिकाऱ्यांनी भिंग काढलं. जुना अहवाल, नवा अहवाल, जुना, नवा. मग त्यांचा चेहरा उजळला. "जुळतं हो! वेलांटीन् वेलांटी जुळते. मग हे आधी नाही का सांगायचं? उगीच भुताखेताचा घोळ. चौदा वर्षं पालकाचं काम तुम्ही केलंत आणि नाव वडिलांचं चालू ठेवलंत. ही खोटी सही नाही, ही नावाची दुरुस्ती आहे. मी तशी शिफारस करतो. अठ्ठावीस अहवाल, एकही उशिरा नाही! असा नियमित पालक आम्हाला कुठे मिळणार?"

त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. जाताना त्यांच्या तळव्याला हिरवी शाई लागलेली मी पाहिली.

महिन्याभरात आदेश आला. मी ताईचा कायदेशीर पालक झालो. आता ताई कुठे राहील, हे ठरवणारी सही माझी होती. तो कागद मी टेबलावर ठेवला. ताईनं त्याच्याखाली पट्टी धरली, शेवटच्या ओळीपर्यंत नेली आणि म्हणाली, "छोट्या, चहा घेणार?"

मी घेतला. आणि ठरवलं, की निवासाला आज रोखठोक कळवायचं. मनाशी भाषण जुळवलं. त्यात 'माणसाचा हक्क' होता, 'तुमच्या घंटा' होत्या, 'माझी बहीण ही वस्तू नाही' असं एक वाक्य होतं, जे म्हणताना आवाज कापणार हे मला माहीत होतं. मी फोन लावला. व्यवस्थापकांनीच उचलला.

"माझ्या बहिणीच्या अर्जाबद्दल बोलायचंय," मी सुरुवात केली. "मी तिचा पालक या नात्यानं तुम्हाला स्पष्टच सांगतो, की..."

"थांबा हं, अर्ज बघतो," ते म्हणाले. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "हा तर आला त्याच दिवशी बाद झालाय. दोन फोटो लागतात. तुम्ही एकच लावला होता."